पगाराच्या आधारावर उभा राहिलेला कारखाना

आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी उद्योगासाठी नोकरी सोडली नाही. नोकरीलाच त्यांनी उद्योगाचा आधार केले. २ ऑगस्ट १८६१ रोजी आजच्या बांगलादेशातील राडुली गावी जन्मलेले राय एडिनबरा विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून मायदेशी परतले. १८८९ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते दरमहा २५० रुपये वेतनावर रसायनशास्त्राचे अध्यापक झाले.

वडिलांवर कर्ज होते. तरीही १८९२ मध्ये सुमारे ७०० रुपयांच्या भांडवलावर त्यांनी राहत्या भाड्याच्या घरात औषधनिर्मिती सुरू केली. दिवसा अध्यापन आणि कॉलेज सुटल्यावर औषधांचे काम, असा त्यांचा दिनक्रम होता. विलायती औषधांना सरावलेले दुकानदार देशी माल ठेवण्यास कचरत. १८९८ मध्ये त्यांचे सहकारी डॉ. अमूल्यचरण बोस प्लेगला बळी पडले. अशा काळात दरमहाचा पगार हाच भरवसा होता.

१९०१ मध्ये या उद्योगाची ‘बेंगॉल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स’ ही मर्यादित कंपनी झाली. त्यानंतरही राय यांनी अध्यापन सोडले नाही. साठीनंतरचे वेतन तर त्यांनी कलकत्ता विद्यापीठालाच दिले. १६ जून १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची कंपनी आज भारत सरकारच्या मालकीची आहे.