तलवारींना धार लावणारे फरीदसाहेब तंबोऱ्याच्या नादी लागले आणि मिरजेचं नाव झालं

धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव. तेर असो की वारकऱ्यांचं दुसरं कुठलंही गाव, अखंड हरिनाम सप्ताह बसला की वीणा खाली ठेवत नाहीत. या गळ्यातून त्या गळ्यात जाते, पण सात दिवस जमिनीला टेकत नाही. अशा वीणेला, तंबोऱ्याला, सतारीला जो भोपळा लागतो तो आपला भाजीचा नव्हे. तो कडू भोपळा. पिकतो शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेच्या काठाला. आणि तिथून जातो मिरजेला.

मिरजेलाच का? तर त्यामागे एक माणूस आहे, फरीदसाहेब शिकलगार.

शिकलगार म्हणजे हत्यारं घडवणारे, त्यांना धार लावणारे. मिरज पटवर्धनांची, तिथे किल्ला होता, फौज होती, त्यामुळे या घरांना कामाची ददात नव्हती. १८१८ साली पेशवाई बुडाली. संस्थान टिकलं पण लढाया संपल्या. तलवार म्यानातून निघतच नसेल तर धार लावून घेणार कोण? फरीदसाहेबांच्या पिढीकडे तयार हात होते, अवजारं होती, फक्त गिऱ्हाईक नव्हतं.

१८५० च्या आसपासची गोष्ट. संस्थानिक पटवर्धन गाण्याचे शौकीन. त्यांच्या दरबारी गवयांची ये-जा असायची. वाद्यं लांबून यायची आणि प्रवासात कुठे खुंटी सैल व्हायची, कुठे भोपळ्याला तडा जायचा. दुरुस्तीला माणूस हवा होता. ही कामं फरीदसाहेबांकडे आली.

दुरुस्ती हीच त्यांची शाळा ठरली. मोडलेलं वाद्य हाताखालून गेलं की भोपळा गळ्याला कसा जोडलाय, दांडी आतून किती पोकळ आहे, तबली किती पातळ आहे, हे सगळं दिसतं. दुरुस्ती करता करता त्यांनी स्वतःच तंबोरा बांधला, मग सतार. शिकलगाराचा हात इथे कामी आला असणार. कारण तंबोऱ्याची खरी परीक्षा घोडीवर असते. घोडीचा माथा केसभर इकडचा तिकडे घासला गेला तर तार मुकी होते. तो नीट उतरला आणि तारेखाली सुताचा धागा जागेवर बसला, की जव्हारी खुलते. धार काढणं आणि जव्हारी काढणं, दोन्हीकडे नजर एकाच गोष्टीवर. किती घासायचं आणि कुठे थांबायचं.

आता लाकूड. मिरजेची पसंती तूनला. हे झाड महोगनीच्या कुळातलं. लाकूड लालसर, वजनाला हलकं, थोडं सुगंधी आणि किडीला सहसा न लागणारं. कोलकात्याकडच्या सतारीत सागवानही वापरतात, ते जड आणि टणक. त्यामुळे जुनं वाद्य हातात आलं की जाणकार आधी वजन बघतात, मग पॉलिश उडालेल्या जागी लाकडाचा रंग आणि रेषा. नक्षीही वय सांगते. पूर्वी हस्तिदंत बसवायचे, नंतर त्याची जागा सेल्युलॉइडने घेतली.

भोपळ्याचं मूळ आणखी लांबचं आहे, आफ्रिकेतलं. भीमेकाठी तो वेलीवरच वाळू देतात. पीक शेतात अडकून राहतं आणि मध्येच पाऊस आला तर सडतं. कारखान्यात आल्यावर त्याला कापून भिजवतात आणि आतून काड्यांचा आधार देऊन आकारात वाळवतात. पुरुषी तंबोऱ्याला ५० इंचांच्या आसपास घेराचा भोपळा लागतो, बायकांच्या तंबोऱ्याला त्याहून लहान. वेलीला असा भोपळा आपल्या मर्जीने लागत नाही, त्यामुळे मोठ्या भोपळ्याचा भाव काय असेल ते समजून घ्या.

फरीदसाहेबांनी ही विद्या घरात आणि हाताखालच्या माणसांत मुरवली. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. त्यांनाही तंबोरा स्वतः दुरुस्त करण्याचा, जव्हारी लावण्याचा नाद होता. असा कान समोर बसलेला असताना कारागिराला ढिलाई परवडली नसणार. १९२७ मध्ये बार्शी लाइटची छोटी गाडीही मिरजेपर्यंत आली. लातूरहून निघून धाराशिव जिल्ह्यातलं येडशी, मग कुर्डुवाडी, पंढरपूर करत. म्हणजे भोपळ्याचा मुलूख आणि तंबोऱ्याचं गाव एकाच रुळावर आलं.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. शिकलगारांच्या घरांनी मात्र आपला शिक्का त्याच्या कितीतरी आधी मारून ठेवलाय. मिरजेत त्यातल्या कित्येकांचं आडनाव आता सतारमेकर आहे.