माळ्यावरचा रेडिओ

हाताने गुंडाळलेली कॉइल, एक ट्रान्झिस्टर, एक फिरता कंडेन्सर, बॅटरी आणि हेडफोन. एवढ्या साहित्यात घरच्या टेबलावर रेडिओ तयार होतो आणि रात्री त्यावर दूरदेशीची केंद्रेही लागतात. या साध्या सर्किटला ‘रिजनरेटिव्ह’ म्हणतात. रेडिओ जुळवण्याचा छंद असलेले लोक ते आजही हौसेने बनवतात. १९१२ साली ते सापडले एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग यांना. तेव्हा ते २१ वर्षांचे विद्यार्थी होते आणि स्वतःही हौशीच होते.

आर्मस्ट्राँग यांचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. लहानपणी त्यांना सिडनहॅम कोरिया हा आजार झाला. घशातील स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या संसर्गानंतर काही मुलांमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदूच्या काही भागांवरच उलटते आणि हातपाय, चेहरा आपोआप झटके देऊ लागतात. पेनिसिलिन तेव्हा नव्हते. सुमारे दोन वर्षे त्यांची शाळा सुटली, शिक्षण घरीच झाले. आजार ओसरला, पण ताण आला की खांदा आणि मान उडण्याची लकब जन्मभर राहिली. एकट्याने, तासन् तास यंत्रांत रमण्याची सवय त्यांना याच काळात लागली.

१९०२ साली कुटुंब हडसन नदीकाठच्या याँकर्स गावी राहायला गेले. तेथे माळ्यावरच्या खोलीत त्यांनी आपले बिनतारी केंद्र थाटले. अँटेनासाठी परसात सव्वाशे फुटी खांब स्वतः उभारला. अडचण एकच होती. दूरचे संदेश इतके क्षीण येत की हेडफोन कानाशी दाबून धरला तरी ते जेमतेम ऐकू येत.

ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली ‘ऑडिऑन’ नावाची तीन अग्रांची निर्वात नळी तयार केली होती. पण ती नेमकी कशी चालते, हे खुद्द त्यांनाही नीट उलगडले नव्हते. कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या आर्मस्ट्राँग यांनी अंदाज बांधत बसण्याऐवजी नळीतील प्रवाह मोजायला घेतले. ग्रिडवर येणाऱ्या लहरींचीच वाढलेली प्रतिमा प्लेटच्या प्रवाहात असते, हे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी प्लेटचा प्रवाह एका छोट्या कॉइलमधून नेला आणि ती कॉइल ग्रिडच्या कॉइलजवळ ठेवली. वाढलेल्या लहरीचा काही अंश पुन्हा ग्रिडकडे जाऊ लागला, तो आणखी वाढून पुन्हा परत येऊ लागला. क्षीण संदेश हेडफोन टेबलावर ठेवूनही ऐकू येऊ लागले.

परत येणारा अंश प्रमाणाबाहेर गेला की हेच सर्किट स्वतःची लहर निर्माण करू लागते. म्हणजे ग्राहकाचा प्रक्षेपक होतो. हौशी मंडळींना हा क्षण चांगला परिचयाचा आहे. बटण हळूहळू फिरवताना आवाज वाढत जातो आणि एकाएकी शीळ घुमते. शीळ सुरू होण्याच्या किंचित अलीकडे थांबणे, हेच कसब. १९२०च्या दशकात ज्याला ते साधत नसे, त्याची शीळ शेजाऱ्यांच्या रेडिओवरही वाजे.

पेटंट आर्मस्ट्राँग यांना १९१४ साली मिळाले, पण डी फॉरेस्ट यांनीही या शोधावर हक्क सांगितला. त्यांच्या सहकाऱ्याच्या वहीत ऑगस्ट १९१२ची एक नोंद होती. दूरध्वनीचे आवाज वाढवण्याच्या प्रयोगात सर्किटने शीळ घातल्याची ती नोंद. तेव्हा कोणी त्या शिळेचा पाठपुरावा केला नव्हता. तरीही वीस वर्षांच्या खटल्यानंतर १९३४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल डी फॉरेस्ट यांच्या बाजूने दिला. आर्मस्ट्राँग यांना याच शोधासाठी इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओ इंजिनिअर्सचे पदक मिळालेले होते. ते परत करायला ते संस्थेच्या अधिवेशनात गेले. संस्थेने पदक परत घेतले नाही आणि जमलेल्या अभियंत्यांनी उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला.

तोवर त्यांची आणखी कामे जगासमोर आली होती. पहिल्या महायुद्धात लष्करी अधिकारी म्हणून पॅरिसमध्ये असताना त्यांनी सुपरहेटरोडाइन ग्राहक शोधला. पुढे घरोघरच्या रेडिओंत हीच पद्धत रूढ झाली. १९३३ साली एफएमची पेटंटे मिळाली. लहरीची उंची बदलण्याऐवजी वारंवारता बदलून आवाज पाठवला, तर विजांची खरखर जवळजवळ नाहीशी होते, हे त्यांनी दाखवून दिले. ५ नोव्हेंबर १९३५ रोजी न्यूयॉर्कमधील अभियंत्यांना त्यांनी एफएम ऐकवले. ते प्रक्षेपण झाले याँकर्समधल्या एका हौशी मित्राच्या घरच्या केंद्रावरून.

एफएमनेही त्यांना कोर्टाची पायरी चढायला लावली. १९४५ साली सरकारने एफएमचा पट्टा बदलला आणि जुने संच निरुपयोगी झाले. १९४८ साली त्यांनी आरसीए या बलाढ्य कंपनीवर पेटंटभंगाचा दावा लावला. खटला रेंगाळला, १९५० साली पेटंटची मुदत संपली, पैसा आटला, तब्येत ढासळली आणि पत्नी मेरियन यांच्याशीही दुरावा आला. ३१ जानेवारी १९५४च्या रात्री त्यांनी आपले जीवन संपवले.

मेरियन यांनी खटले सोडले नाहीत. आरसीएने त्याच वर्षी दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम देऊन तडजोड केली, तर १९६७ साली शेवटचा निकालही त्यांच्या बाजूने लागला. रिजनरेटिव्ह सर्किटचा निकाल मात्र कागदोपत्री कायम राहिला. पण टेबलावर हे सर्किट जुळवणाऱ्याला आजही आर्मस्ट्राँग यांचीच वाट धरावी लागते. छोट्या कॉइलची दोन टोके उलटी जोडली गेली, तर परत येणारा अंश मूळ लहरीला विरोध करतो आणि आवाज वाढण्याऐवजी दबतो. टोके अदलाबदल करायची, बटण पुन्हा हळूहळू फिरवायचे आणि शीळ घुमण्याच्या किंचित अलीकडे थांबायचे.