पॉकेट डायनॅमो : खाशाबा जाधव

मल्लविद्येच्या क्षेत्रात नावाइतकाच बिरुदाला मान असतो. विदर्भातील यवतमाळपासून दक्षिणेस कोल्हापूरपर्यंत गावोगावच्या यात्रांत कुस्तीची दंगल भरते. तेथे नामांकित मल्ल हौद्यात उतरला की त्याचे नाव बिरुदासह पुकारले जाते. गामा पहिलवानास लोक ‘रुस्तुम-ए-हिंद’ म्हणत. श्रीपती खंचनाळे यांनी 1959 साली ‘हिंद केसरी’ हा किताब मिळविला. रुस्तुम हा इराणच्या पुराणकथांतील महापराक्रमी वीर आणि केसरी म्हणजे सिंह. धिप्पाड देहाच्या मल्लांना अशी भव्य नावे शोभूनही दिसत. परंतु महाराष्ट्रातील एका लहान चणीच्या मल्लाला लाभलेले टोपणनाव याहून अगदी निराळे होते. ते नाव ‘पॉकेट डायनॅमो’ आणि तो मल्ल म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव.

डायनॅमो म्हणजे गती मिळताच वीज निर्माण करणारे यंत्र. पूर्वी सायकलीच्या चाकापाशी असा एक छोटा डायनॅमो बसवीत. चाक फिरू लागले की दिवा उजळे. चाक थांबले की दिवाही विझे. खिशात मावेल एवढ्या यंत्रात रस्ता उजळून टाकण्याची शक्ती असावी, तशी खाशाबांच्या ठेंगण्या देहात विलक्षण चपळता भरलेली होती. म्हणूनच लोकांनी त्यांना हे नाव दिले.

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरात कुस्तीचे वातावरण असल्यामुळे वयाच्या पाचव्या वर्षीच त्यांना मातीची गोडी लागली. पहाटे उठून तालमीत जावे, जोर-बैठका काढाव्यात, जोडीदारांबरोबर लढत करावी आणि मग शाळेची वाट धरावी, अशा शिस्तीत या विद्येचे शिक्षण होत असे. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात ते शिकत असताना 1942 चे ‘चले जाव’ आंदोलन पेटले. त्या वेळी ते सोळा वर्षांचे होते. भूमिगत कार्यकर्त्यांना आश्रय देणे, पत्रके पोहोचविणे अशी जोखमीची कामे त्यांनी त्या कोवळ्या वयात केली.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लविद्येला उदार आश्रय दिला होता. गावोगावचे तरुण तेथे कुस्ती शिकण्यासाठी येत. अशा नगरीत खाशाबांची विद्या अधिक तेजस्वी झाली. बळापेक्षा चपळाईवर आणि अचूक डावावर त्यांचा भरवसा असे. ढाक हा डाव त्यांच्या विशेष हातचा होता. प्रतिस्पर्ध्याला सावध होण्यास अवसर मिळण्यापूर्वीच ते त्याला खाली घेत.

1948 साली लंडन येथे ऑलिम्पिक सामने झाले. कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने खाशाबा तेथे गेले. आपल्याकडील कुस्ती मातीवर होते. ऑलिम्पिकमधील कुस्ती मात्र गादीवर खेळली जाते आणि तिचे नियमही वेगळे असतात. मातीत पाय रुतवून लढण्याची सवय झालेल्या मल्लाला गादीवर पावले स्थिर ठेवणे कठीण जाते. ही अडचण असूनही खाशाबांनी सर्वांत हलक्या वजनाच्या, म्हणजे फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळविला. एवढ्या यशावर दुसरा एखादा मल्ल संतुष्ट झाला असता. खाशाबांनी मात्र परत येताच पुढच्या ऑलिम्पिकची तयारी आरंभिली. आता ते बँटमवेट या गटात लढू लागले. बँटम ही कोंबड्यांची एक छोटी जात आहे. तिचे कोंबडे आकाराने लहान, पण झुंजीत मोठे कडवे असतात. खाशाबांच्या गटाचे नावही जणू त्यांच्यासाठीच योजलेले होते.

1952 चे ऑलिम्पिक सामने फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे भरावयाचे होते. तेथवर पोहोचण्याची वाट कुस्तीहून अवघड ठरली. निवडीच्या वेळी आपल्यावर अन्याय झाला, असे खाशाबांना वाटले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज कुस्तीचे जाणकार होते. त्यांनी खाशाबांना पुन्हा संधी मिळवून दिली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्यास हरवून आपली योग्यता सिद्ध केली.

निवड झाली, पण प्रवासखर्चाचा प्रश्न उभा राहिला. शेतकरी कुटुंबातील तरुणाने एवढे पैसे आणावेत कोठून? गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. तरीही रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर पुढे झाले. त्यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि 7,000 रुपये उभे केले. त्या काळी ही फार मोठी रक्कम होती. आपला विद्यार्थी पदक घेऊनच येईल, याची हमी कोणीही देऊ शकत नव्हते. तरीही एका गुरूने शिष्याच्या कर्तृत्वावर विश्वास ठेवून आपले छप्पर पणाला लावले. खाशाबा हेलसिंकीला निघाले, तेव्हा त्या विश्वासाचा भार त्यांच्या खांद्यावर होता.

हेलसिंकी येथे कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांवर त्यांनी मात केली. नंतर जपानच्या शोहाची इशी यांच्याशी त्यांची दीर्घ व दमछाक करणारी लढत झाली. ती त्यांनी गमावली. लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोव्ह यांच्याशी लढण्यास बोलाविण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये मल्लाला विश्रांती मिळावी असा नियम होता. परंतु खाशाबांची बाजू मांडण्यास त्या वेळी एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. थकलेल्या अंगाने ते पुन्हा गादीवर उतरले. ही कुस्तीही त्यांच्या हातून गेली. इशी यांना सुवर्णपदक, मामेदबेयोव्ह यांना रौप्यपदक आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात लाभलेले हे पहिले ऑलिम्पिक पदक होय.

खाशाबा परतले, तेव्हा कऱ्हाड स्थानकावर लोकांची दाटी झाली. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक ढोलताशांच्या गजरात गोळेश्वरकडे निघाली. एरवी थोड्या वेळात सरणारी ती वाट त्या दिवशी कित्येक तास सरली नाही. परंतु खाशाबा या सन्मानाने हुरळून गेले नाहीत. गुरूचे घर अजून गहाण आहे, याचे त्यांना विस्मरण झाले नव्हते. त्यांनी कुस्त्यांच्या दंगली भरविल्या, त्यांत स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशांतून ते घर सोडवून दिले. पदक जिंकताना त्यांच्या शक्तीचे दर्शन घडले, तर हे ऋण फेडताना त्यांच्या मनाचे.

1955 साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पुढे ते साहाय्यक पोलीस आयुक्त या पदापर्यंत पोहोचले. खात्यातील तरुणांना त्यांनी कुस्तीचे धडे दिले. 1982 साली दिल्लीत झालेल्या आशियाई सामन्यांच्या वेळी क्रीडाज्योत वाहून नेणाऱ्यांत त्यांचा समावेश होता. पण ज्या मानाचे ते अधिकारी होते, तो त्यांच्या हयातीत त्यांना फारसा मिळाला नाही. 14 ऑगस्ट 1984 रोजी एका रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पराक्रमाचे मोल देशाला हळूहळू कळत गेले. खाशाबांनंतर दुसऱ्या भारतीयाला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळण्यास 44 वर्षे लागली. 1996 साली अटलांटा येथे टेनिसपटू लिएंडर पेस यांनी ते मिळविले. खाशाबांना मरणोत्तर अर्जुन पुरस्कार देण्यात आला. 2010 च्या राष्ट्रकुल सामन्यांच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिन, 15 जानेवारी, महाराष्ट्राने राज्य क्रीडा दिन म्हणून स्वीकारला.

बिरुदे अनेकांना मिळतात. परंतु ती सार्थ करणे थोड्यांनाच साधते. डायनॅमोला स्वतःचा उजेड नसतो. चाक फिरले तरच तो दिवा लावतो. खाशाबांच्या बाबतीत हे चाक अनेक हातांनी फिरविले. मातीची गोडी लावणारे वडील, वर्गणी देणारे गावकरी आणि घर गहाण टाकणारे प्राचार्य, या सर्वांचे हात त्याला लागले होते. त्या प्रत्येक हाताची आठवण खाशाबांनी ठेवली. म्हणूनच हे छोटेसे टोपणनाव त्यांना भव्य किताबांइतकेच शोभून दिसते.