डॉ. व्हर्जिनिया अपगार : नवजात बाळाला गुण देणाऱ्या डॉक्टर

बाळ जन्मलं की पहिल्याच मिनिटाला त्याला गुण दिले जातात. ही पद्धत अमेरिकन भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया अपगार यांची.

त्यांचा जन्म ७ जून १९०९ चा, न्यू जर्सीतला. १९३३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. त्यांना सर्जन व्हायचं होतं; पण स्त्रीला त्यात जम बसवणं कठीण, म्हणून वरिष्ठांनी त्यांना भूलशास्त्राकडे वळवलं. १९४९ मध्ये त्या तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या.

तेव्हा प्रसूतीनंतर सगळं लक्ष आईकडे असे. निळसर पडलेलं, श्वास न घेणारं बाळ वाचणार नाही असं समजून अनेकदा प्रयत्नच होत नसत. १९५२ मध्ये अपगार यांनी पाच गोष्टी तपासायला सांगितल्या : हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिक्षिप्त क्रिया आणि त्वचेचा रंग. प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण, एकूण १०. कमी गुणांच्या बाळाकडे दुर्लक्ष करणं आता अवघड झालं. पुढे पाचव्या मिनिटालाही गुण देणं रूढ झालं.

७ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांचं निधन झालं. आज बाळाला श्वास द्यायला डॉक्टर गुणांची वाट पाहत नाहीत. मात्र उपचारांना बाळ कसा प्रतिसाद देतंय, हे जगभर याच गुणांत नोंदवलं जातं.