शंकर आबाजी भिसे: ‘उघडून बघूया’ म्हणणारा मुंबईकर, आणि लिनक्स टॅबलेटवरची मराठी अक्षरं

फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स कधी उघडलेत? उघडले असतील तर आजचा माणूस तुम्हाला आपलाच वाटेल. त्याचं नाव शंकर आबाजी भिसे. जन्म २९ एप्रिल १८६७, मुंबई. लोक त्याला भारताचा एडिसन म्हणत. त्याच्या नावावर सुमारे २०० शोध आणि ४० पेटंट सांगितली जातात. तरी आज बहुतेकांना हे नाव माहीत नसतं. असं का झालं, ते समजलं तर आपल्या हातातल्या गॅजेटबद्दलही बरंच काही समजतं.

मी न्हावा शेव्याला राहतो. माझ्याकडे नोकिया एन८१० आहे. हा २००७ सालचा लिनक्सवर चालणारा छोटा इंटरनेट टॅबलेट. स्क्रीन ४.१ इंच, रॅम १२८ एमबी, सरकवून बाहेर येणारा कीबोर्ड, आणि सिमकार्ड नाहीच. त्याची मेमो नावाची सिस्टम डेबियन लिनक्सवर उभी आहे. म्हणजे टर्मिनल उघडा, कमांड द्या, आत काय चाललंय ते बघा. या टॅबलेटवर नीट मराठी दिसावी म्हणून खटपट करताना मी अक्षरांच्या इतिहासात शिरलो आणि तिथे मला भिसे भेटले.

खटपटीची सुरुवात

भिसे लहानपणापासून विज्ञानाच्या नादी लागलेले. चौदाव्या वर्षी त्यांनी घरच्या घरी कोळशापासून गॅस तयार करायचं उपकरण बनवलं, असं त्यांच्या चरित्रात येतं. विशी गाठेपर्यंत डोक्यात कल्पनांची गर्दी झाली होती: कोणी छेडछाड केली तर कळेल अशी बाटली, सायकलला जोडायची विजेची उपकरणं, मुंबईच्या लोकलसाठी पुढचं स्टेशन दाखवणारा इंडिकेटर. हो, लोकलमधला इंडिकेटर! एकोणिसाव्या शतकात!

पण मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त भावते. त्यांनी मुंबईत विज्ञानाची आवड असणाऱ्यांचा क्लब काढला आणि ‘विविध कला प्रकाश’ नावाचं मराठी मासिक चालवलं. सामान्य माणसाला विज्ञान सोप्या मराठीत सांगायचं, हा त्याचा हेतू. आज आपण टेक एक्सप्लेनर म्हणतो, तेच काम.

लंडन: डोकं आहे, पैसे नाहीत

१८९० च्या दशकाच्या अखेरीस एका ब्रिटिश नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली. किराणा माल आपोआप तोलून देणारं यंत्र बनवा. भिसे यांनी आराखडा पाठवला आणि बक्षीस जिंकलं. मग ते इंग्लंडला गेले. तिथे त्यांच्या पाठीशी उभे राहिले दादाभाई नवरोजी. यंत्र बनवायचं तर वर्कशॉप, धातू, कारागीर, पेटंटची फी, असा सगळा खर्च. आज आपण लॅपटॉपवर फुकटात कोड लिहून बघतो. तेव्हा प्रत्येक प्रयोगाला रोख पैसे मोजावे लागत.

भिसे यांनी जाहिरातींसाठी प्रकाशाचा फलक केला, तो लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये झळकला. स्वयंपाकघरातली उपकरणं झाली, आपोआप फ्लश होणारा संडासही झाला. पण त्यांचं खरं वेड होतं अक्षरांचं.

भिसोटाइप म्हणजे काय?

थोडं थांबून हे समजून घेऊ. तेव्हा छपाईसाठी प्रत्येक अक्षराचा धातूचा खिळा लागे. अक्षराचा साचा घ्यायचा, त्यात शिसं, कथील आणि अँटिमनीचा वितळलेला मिश्रधातू ओतायचा. थंड झाला की खिळा तयार. मग कंपोझिटर एकेक खिळा उचलून ओळ जुळवणार. मराठीत तर काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं धरून शेकडो वेगवेगळे खिळे लागत. मुंबईचा निर्णयसागर छापखाना अशाच देखण्या देवनागरी खिळ्यांसाठी प्रसिद्ध होता.

अमेरिकेत लायनोटाइप आलं होतं. ते अख्खी ओळ एकदम ओतायचं. भिसे यांनी सुटे खिळे झपाट्याने ओतणारं स्वतःचं यंत्र तयार केलं. तेच भिसोटाइप. लंडनच्या जाणकारांनी आधी शंका घेतली, पण यंत्र चालत होतं.

अडचण पुढे होती. एक चालणारं यंत्र दाखवणं वेगळं आणि कारखान्यात शेकडो यंत्रं बनवून विकणं वेगळं. त्याला मोठं भांडवल हवं. ते जमेना. १९०८ च्या सुमारास ते निराश होऊन मुंबईला परतले. मग गोपाळ कृष्ण गोखले यांच्यामुळे त्यांची गाठ सर रतन टाटा यांच्याशी पडली आणि टाटा-भिसे सिंडिकेट उभं राहिलं. भिसे पुन्हा लंडनला गेले. पण पहिलं महायुद्ध आलं आणि १९१५ मध्ये सिंडिकेट गुंडाळलं गेलं.

भिसे थांबले नाहीत. ते न्यूयॉर्कला गेले. तिथे १९२० च्या दशकात त्यांनी टाइपकास्टरची सुधारित आवृत्ती आणली, कंपनी काढली. आयोडीनपासून अॅटोमिडिन नावाचं औषध बनवलं आणि त्यातून त्यांना पैसाही मिळाला. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्येच त्यांचं निधन झालं. भिसोटाइपचं नाव मात्र लायनोटाइप-मोनोटाइपसारखं छापखान्याछापखान्यात पोचलंच नाही.

मग चुकलं कुठे?

मला विचाराल तर डोक्यात काहीच कमी नव्हतं. पेटंट हा एक सौदा असतो. तुमचा शोध कसा चालतो ते जगाला लिहून द्या, बदल्यात ठरावीक वर्षं तुमच्या परवानगीशिवाय तो कोणी बनवू शकणार नाही. बिनभांडवली संशोधकाला तेव्हा दुसरा रस्ता नव्हता. पण याचा अर्थ असा की गुंतवणूकदार मागे हटला की काम जागच्या जागी थांबायचं. भायखळ्याच्या एखाद्या कारागिराला वाटलं, आपण हे यंत्र देवनागरीसाठी बदलून बघू, तर ते शक्य नव्हतं.

माझ्या गावाजवळचं एक उदाहरण देतो. न्हावा शेव्याचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. इथे रोज दिसणारा कुठलाही कंटेनर कुठल्याही जहाजावर, कुठल्याही ट्रेलरवर बसतो. कारण त्याच्या कोपऱ्यांची जोडणी सगळीकडे एकसारखी. १९६० च्या दशकात सी-लँड या अमेरिकन कंपनीने त्या जोडणीचं पेटंट सगळ्यांना खुलं केलं, म्हणून ती जगाची पद्धत झाली. लिनक्सचंही तसंच. १९९२ पासून तो जीपीएल लायसन्सखाली आहे. कोड बघा, बदला, वाटा. फक्त बदललेली आवृत्ती पुढे दिलीत तर तिचा कोडही द्या, ही मुख्य अट.

टॅबलेटवर मराठी

आता माझ्या खटपटीकडे. लिनक्समध्ये नवा फॉन्ट बसवणं सोपं आहे. होम फोल्डरमध्ये ‘डॉट फॉन्ट्स’ नावाचं फोल्डर करा, त्यात फाईल टाका, फॉन्टची यादी ताजी करा. मी लोहित वापरतो. रेड हॅट कंपनीने हे फॉन्ट २००४ मध्ये जीपीएलखाली खुले केले.

पण नुसता फॉन्ट पुरत नाही. ‘कि’ लिहिताना आपण आधी क आणि मग वेलांटी टाइप करतो. दिसायला मात्र वेलांटी आधी हवी. रफार तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. छापखान्यात हे कंपोझिटरची बोटं करायची. आता ते काम अक्षरं जुळवणारी लायब्ररी करते. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये तिचं नाव हार्फबझ, आणि तीही खुली आहे. आज तुम्ही मेसेजमध्ये ‘र्क’ बरोबर वाचता, ते जगभरच्या अनेकांनी एकमेकांच्या कामावर काम केल्यामुळे. भिसे यांना हे नशीब मिळालं नाही.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर

• जुना, पडून असलेला फोन किंवा टॅबलेट घ्या. बँकेची अॅप्स असलेल्या फोनवर प्रयोग नको.
• आधी बॅकअप घ्या. मूळ सिस्टम परत कशी टाकायची ते शोधून ठेवा.
• एका वेळी एकच बदल करा. नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही.
• काय केलं ते मराठीत लिहून ठेवा आणि दुसऱ्याला द्या.

चौथा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भिसे यांनी तरुणपणी मासिक काढून तेच केलं होतं. त्यांची यंत्रं कंपन्यांच्या कागदपत्रांत अडकली. तुमच्या हातातलं यंत्र लहान असेल, स्वस्त असेल, पण त्यावर केलेला बदल असा अडकून पडायची गरज नाही. म्हणून खटपट करा, आणि ती पुढच्याला वापरता येईल अशी ठेवा.