शाहीर अमर शेख : दोन महासत्तांच्या भांडणातला एक मराठी आवाज

नववीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शीतयुद्ध येतं. एका बाजूला अमेरिका, दुसऱ्या बाजूला सोव्हिएत रशिया आणि मध्ये अलिप्त राहणारा भारत. मुलं तेवढं पाठ करतात, पेपर झाला की विसरतात. वॉशिंग्टन आणि मॉस्को भांडले तर आपल्या बुलढाणा जिल्ह्याला काय फरक पडला, असा त्यांचा सवाल असतो. सवाल गैर नाही. पण फरक पडला होता. १९५६ मध्ये अमेरिकेशी पीएल-४८० करार झाला आणि तिकडचा गहू आपल्या रेशन दुकानात आला. तिकडून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी घरातल्या वडीलधाऱ्यांना अजून आठवते. रशियाकडून स्वस्तातली मराठी पुस्तकं आली. आणि एका मराठी मुसलमान शाहिराची तर सगळी उमेद याच काळात गेली. त्या शाहिराची ओळख आम्हाला इथे करून द्यायची आहे.

अमर शेख यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६ चा, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचा. घरची गरिबी होती. आई मुनेरबी यांच्या तोंडी मराठी ओव्या आणि लोकगीतं असायची. गाण्याचा वारसा त्यांच्याकडून मिळाला. शिक्षण फार झालं नाही. पोटासाठी मोटारीवर क्लीनर म्हणून काम केलं, मग गिरणीत मजुरी केली. तिथे कामगारांच्या लढ्यात पडले आणि विसापूरच्या तुरुंगात गेले. तुरुंगात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची सोबत मिळाली आणि आयुष्याची वाट ठरली. पुढे काही काळ कोल्हापूरला मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत होते. अमर शेख हे नाव त्याच काळातलं.

१९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. दुसरं महायुद्ध चालू होतं, रशिया तेव्हा इंग्रज-अमेरिकेच्या बाजूने हिटलरशी लढत होता. अण्णाभाऊंनी तर स्टालिनग्राडवर पोवाडा रचला होता. मुंबईच्या कामगार वस्तीत, जिथे रशिया कुणी नकाशातही पाहिला नव्हता, तिथे त्या लढाईची गाणी डफावर वाजत होती.

युद्ध संपलं आणि चित्र पालटलं. कालचे दोस्त १९४७ पर्यंत दोन छावण्यांत वाटले गेले. १९४८ मध्ये इथल्या कम्युनिस्ट पक्षाने सरकारविरुद्ध उघड लढ्याची भूमिका घेतली, सरकारने धरपकड केली. लाल बावट्याच्या कलावंतांमागेही पोलिसांचा ससेमिरा लागला. पण १९५५ मध्ये पंडित नेहरू मॉस्कोला जाऊन आले, त्याच वर्षी ख्रुश्चेव्ह भारतात आले. म्हणजे दिल्ली आणि मॉस्कोची दोस्ती झाली. मोठ्यांची गणितं अशी बदलत राहतात. खाली काम करणाऱ्या माणसाने मात्र आपण कशासाठी उभे आहोत, हे पक्कं ठेवावं लागतं.

अमर शेख यांनी ते पक्कं ठेवलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा पहाडी आवाज सभेसभेतून घुमला. अण्णाभाऊंची 'माझी मैना' लोकांपर्यंत पोहोचली ती मोठ्या प्रमाणात त्यांच्या गळ्यातून. गोवा मुक्तीच्या लढ्यातही ते होते. आपला बुलढाणा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. त्या महाराष्ट्रासाठी घसा फोडणाऱ्यांत हा शेख होता, हे आमच्या मुलांना ठाऊक असायला हवं. आचार्य अत्रे यांनी त्यांना रशियन कवी मायकोव्हस्कीच्या पंगतीत बसवलं.

खरी परीक्षा १९६२ मध्ये आली. २० ऑक्टोबरला, नेमक्या त्यांच्या सेहेचाळिसाव्या वाढदिवशी, चीनचं सैन्य हिमालयात घुसलं. चीन कम्युनिस्ट. मॉस्कोने सुरुवातीला भारताची बाजू घेतली नाही. शस्त्रं आली ती अमेरिकेकडून. कम्युनिस्ट पक्षात आतून दोन तट पडले आणि १९६४ मध्ये पक्षच फुटला. ज्याने उमर लाल झेंड्याखाली काढली, त्याने अशा वेळी काय करावं? अमर शेख यांनी चिनी आक्रमणाविरुद्ध गाणी रचली, कार्यक्रम केले, लोकांना देशासाठी उठवलं. म्हणून कामगारांची बाजू सोडली का? नाही. मजूर, शेतकरी आणि माती त्यांच्या कवितेत शेवटपर्यंत राहिली. 'कलश' १९५८ चा आणि 'धरतीमाता' १९६३ चा, म्हणजे युद्धानंतरचा. 'महात्मा फुले' आणि 'प्रपंच' या चित्रपटांतही त्यांनी काम केलं. २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ अपघातात ते गेले. वय अवघं ५२.

आज त्यांची आठवण का काढायची? आपल्यातले काही जण म्हणतात, तो तर कम्युनिस्ट, त्याचं आपल्याला काय? दीन आणि त्या पक्षाचा विचार यांचं जमत नाही, हे आम्हालाही मान्य आहे. पण मतभेद आहे म्हणून माणूस पुसून टाकायचा का? दुसरीकडे काहींना मुसलमानाची भाषा फक्त उर्दू वाटते. आम्ही उर्दू आणि मराठी दोन्हींत शिकलो आणि शिकवतो. मुनेरबींच्या ओव्या मराठी होत्या, हे एवढं सांगितलं तरी त्या समजाला उत्तर मिळतं.

शीतयुद्धाने जगाला एकच सवाल विचारला होता : तू याचा की त्याचा? आजही असे सवाल विचारणारे कमी नाहीत, आणि आपल्या पोरांना ते जरा जास्तच विचारले जातात. अमर शेख यांच्या आयुष्यातून उत्तर शोधलं तर ते असं दिसतं की माणूस शेख असू शकतो, मराठी असू शकतो, मजुराच्या बाजूचा असू शकतो आणि देशावर वेळ आली की देशासाठी गाऊ शकतो. यातलं एक घ्यायला दुसरं टाकावं लागत नाही. येत्या २९ ऑगस्टला शाळांमध्ये पाच मिनिटं काढून मुलांना एवढं जरी सांगितलं, तरी पुस्तकातलं ते प्रकरण त्यांना आपलं वाटेल.