थिओडोर बिल्हार्झ: रक्तातला जंत शोधणारा डॉक्टर

लघवीतून रक्त जाणं हा इजिप्तमधला जुना आजार. त्यामागचा जंत 1851 मध्ये सापडला. कैरोत शवविच्छेदन करताना जर्मन डॉक्टर थिओडोर बिल्हार्झ यांना रक्तवाहिनीत चपटे जंत दिसले. ते शरीरात शिरतात कसे, हे मात्र त्यांना कळलं नाही. 1862 मध्ये कैरोतच, अवघ्या 37व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

उत्तर पुढे मिळालं. गोगलगायीतून पाण्यात आलेली अळी प्रथिनं कापणारी एन्झाइम्स सोडून थेट कातडीतून आत घुसते. वाढलेला जंत अशाच एन्झाइम्सनी रक्तातलं हिमोग्लोबिन पचवतो.

1952 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीत या आजाराचे रुग्ण आढळल्याची नोंद झाली. म्हणूनच नुसतं पाणी उकळून पिणं पुरत नाही. अशा पाण्यात उतरणंच धोक्याचं.